पाच दाण्यांचा बाक

त्या माणसाचा मला अजून राग येतो. नोकरी संपून किती वर्षं झाली, ती मोटार कंपनी गेली, तिचा मालक गेला, विश्रामबागेत घर बांधून मी निवांत झालो, तरी समोरच्या रस्त्यावरून बस खड्ड्यात आदळत गेली की माझं डोकं फिरतं. मालकाचा राग येतो, साताऱ्याच्या साहेबाचा येतो, माझा स्वतःचा तर येतोच. पण त्यांच्या जोडीला त्याचाही येतो. माणसानं दुसऱ्यावर इतका विश्वास टाकू नये. टाकायचाच असेल तर आधी समोरचा कोण आहे ते तरी बघावं.

तो मापाडी होता. सांगलीच्या पेठेत धान्य मापून द्यायचं काम. तेव्हा धान्य तोलत नसत, अधोलीनं, म्हणजे अर्ध्या पायलीच्या भांड्यानं, मापत. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी आणि मधे हा, उकिडवा बसलेला, धोतर गुडघ्यावर, डोक्याला मळकं मुंडासं, मिशा मात्र नीट कातरलेल्या. पहिल्या मापाला तो ‘एक’ म्हणत नसे. मापाडी कुणीच म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असा त्याचा सूर लागला की पेठेतली सगळी बडबड त्याच्यापुरती थांबायची. मोजणी चालू असताना त्याच्याशी बोलायचं नाही, हा रिवाज. आणि त्यानं जो आकडा पुकारला तो दोघांनीही मान्य करायचा, हा दुसरा रिवाज. फिरून माप म्हणून कुणी सांगत नसे. माप ज्यानं डोळ्यांनी बघितलं त्याचा शब्द शेवटचा, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की जगात सगळीकडे असंच चालतं असं तो धरून चालायचा.

मी तेव्हा सांगली–तासगाव–विटे या रस्त्यावर गाड्या चालवणाऱ्या एका खाजगी कंपनीत तिकिटांचा कारकून होतो. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळायचं नाही, म्हणून गाडीच्या ढुंगणाला कोळशाच्या गॅसची भट्टी बांधलेली. टायर झिजून गुळगुळीत झालेले. चाकांवरचे पोलादी पाटे मोडले की मालक नवे आणायचे नाहीत, कातड्याच्या वादीनं आवळून घ्यायचे. ड्रायव्हरशेजारच्या दोन जागा गादीच्या. त्या वकील, मामलेदार, पेढीवाले यांच्यासाठी. मधे साधे बाक. आणि मागच्या चाकांच्याही मागे, भट्टीला पाठ लावून, एक लांब लाकडी बाक. त्यावर आम्ही कुणाला बसवायचो? जे तक्रार करणार नाहीत त्यांना. पूर्वेकडची मेंढरांमागची माणसं, मजूर, पोरंबाळं घेतलेल्या बाया. मालकाचं सांगणं सरळ होतं, ‘बोलणारा माणूस पुढं, न बोलणारा मागं.’ मी ते वर्षानुवर्षं पाळलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक दिवस हा खिडकीशी आला आणि मागच्या बाकाची दोन तिकिटं मागितली.

‘दुसरं कोण आहे मामा?’ मी विचारलं.

त्यानं काखेतली पिशवी उघडून पितळी अधोली दाखवली. ‘ही.’

‘भांड्याला तिकीट कशाला? मांडीवर घ्या की.’

‘मांडीवर न्हाई. ही बाकावर बसणार. जागा अडवणार, मंग तिकीट नको व्हय, रावसाब?’

मी हसलो, ड्रायव्हर हसला, स्टँडवरचा चहावालाही हसला. त्यानं शांतपणे दोन तिकिटं मुंडाशात खोचली आणि गाडीत चढला. अधोलीत वरपर्यंत शाळू भरला, अगदी हळू, जराही न हलवता. काठावरून पट्टी फिरवून सपाट केला. खाली फडकं पसरलं आणि अधोली शेजारच्या जागेवर ठेवली. तासगावला गाडी थांबली तेव्हा शाळू काठापासून खाली बसला होता. त्याच्याकडे बाभळीची एक काडी होती, तिच्यावर एकेका दाण्याच्या जाडीएवढ्या खाचा. ती त्यानं आत उभी धरली आणि म्हणाला, ‘पाच दाणं.’ मग अधोली रिकामी करून, नव्या दाण्यांनी पुन्हा तशीच हळू भरून, पुढच्या टप्प्यासाठी ठेवली.

हे त्याचं शास्त्र. अधोलीला धक्का बसला की दाणे दाटीनं बसतात आणि माप खाली जातं. लबाड मापाडी भरता भरता गुडघ्याचा धक्का देतात आणि शेतकऱ्याची मूठमूठ जास्त ओढून घेतात. यानं जन्मात तसं केलं नाही, पण धक्का म्हणजे काय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढची गादीची जागा एक दाण्याची. मधले बाक दोनाचे, कधी अडीचाचे. मागचा बाक पाचाचा.

तो दर टप्प्याला दाणे का बदलतो, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, ‘एकदा बसलं की बसलं. मंग कितीबी हाणा, खाली जात न्हाईत. माणसाचंबी तसंच हाय. त्या बाकावर चार येळा गेलेल्या माणसाला इचारा, म्हनंल बरं हाय. म्हनून माणसाला इचारायचं न्हाई. नवं दाणं घ्यायचं.’

फडक्यावर उडून पडलेले दाणे तो वेगळे मोजायचा. मोठा खड्डा आला की दाणे उडतात, ते सगळ्यांना दिसतं आणि माणसं ड्रायव्हरला शिव्या देतात. पण खडीच्या रस्त्यावर गाडी नुसती थरथरत असते, त्यात एकही दाणा उडत नाही आणि तरी माप उतरत जातं. तो म्हणायचा, खरी खराबी त्या थरथरीत आहे, आणि ती कुणाच्या ध्यानात येत नाही.

मग त्याला नादच लागला. दिसेल त्या वाहनात अधोली ठेवायची. बैलगाडी मोजली, लोखंडी धावेची, सहा दाणे. डॉक्टरांचा टांगा, तीन. शेजारणीच्या बाळाचा पाळणा मोजला आणि ती अंगावर ओरडली तेव्हा म्हणाला, ‘तुझ्या पोराची चैन हाय, अर्दा दाणाबी न्हाई.’ पेठेत लोक त्याला बघितलं की आपापल्या पाठीवर हात ठेवून ‘मामा, माझं किती?’ विचारायचे. मीही त्यात मागं नव्हतो. एकदा विचारलं, ‘सगळ्यात चांगली सवारी कुठली हो?’ क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘तिरडी. चार माणसं पाय जुळवून चालत्यात. जितेपणी तसं कोण न्हेतंय?’ हे तो हसून म्हणाला नव्हता. मी मात्र हसलो, आणि दोन दिवस स्टँडवर येईल त्याला ते ऐकवत बसलो.

त्याला हा नाद कशानं लागला ते मला ड्रायव्हरनं सांगितलं, तेव्हा माझं हसणं बंद झालं. त्याची एकुलती एक लेक विट्याजवळच्या वाडीत दिलेली. आदल्या वर्षी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात तिला माहेरी आणत होते. मागच्या बाकावर बसवली. परतीचं तिकीटही सांगलीतच मिळायचं, ते मीच फाडलं असणार, त्या दिवशी खिडकीवर दुसरं कुणी नव्हतं. तासगावच्या पुढं तिच्या पोटात दुखायला लागलं. सांगलीत उतरवली तेव्हा बाकाखाली रक्त होतं, आणि ते ड्रायव्हरनं धुतलं. बाळ गेलं.

निरोप घेऊन माणूस पेठेत धावत आला तेव्हा हा मोजत होता. निरोप्या समोर उभा राहिला, तोंड उघडलं, पण मोजणी चालू होती, म्हणून रिवाजाप्रमाणे थांबला. हा एकवीसवर होता. त्यानं वर बघितलं, निरोप्याचा चेहरा बघितला, आणि बावीस म्हटलं. चाळीस अधोल्या पुऱ्या केल्या, आकडा पुकारला, हात झाडले आणि मग म्हणाला, ‘बोल.’ पेठेत हे लोक कौतुकानं सांगायचे. मला ते ऐकून संताप येतो. एकोणीस अधोल्या. कोण कुठल्या व्यापाऱ्याचा शाळू, आणि त्यासाठी हा लेकीचा निरोप अडवून बसला. पण तो तसाच होता.

सांगलीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धक्क्यांनी असं झालं असेल म्हणून सांगितलं. मालक म्हणाले, ‘असेल नाहीतर नसेल. बायकांचं काय सांगावं.’ तेव्हा यानं ठरवलं की असेल-नसेल चालू द्यायचं नाही, मापून दाखवायचं.

वर्षानं लेकीला पुन्हा दिवस गेले. वाडीच्या आसपास दवाखाना नव्हता आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की या खेपेला सातवा संपायच्या आत सांगलीला आणा. म्हणजे पुन्हा तोच रस्ता, तीच गाडी. हा माझ्याकडे आला. त्याचं मागणं केवढंसं होतं. गाडी नवी करा म्हणाला नाही, पाटे बदला म्हणाला नाही. ‘पोटुशा बाईला मागच्या बाकावर बसवायचं न्हाई, येवढा कायदा करा. पुढं जागा न्हाई तर मधी बसवा. तिथं निम्मं दाणं हायती.’

मी मालकांना विचारलं. ते म्हणाले, ‘उद्या प्रत्येक बाई पोटाला उशी बांधून येईल.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या भरात मी घरी बसून मापाड्याच्या नावानं अर्ज लिहिला, सगळे दाणे टप्प्याटप्प्यानं मांडून, आणि खाली त्याचा अंगठा घेऊन साताऱ्याला मोटार खात्याच्या साहेबाकडे पाठवून दिला. सांगली संस्थानातली, पण विटे आणि तासगाव खालसातले, म्हणजे इंग्रजी मुलखातले, तेव्हा त्या साहेबाचा अधिकार चालत होता. आयुष्यात एवढं एक धाडस मी केलं.

महिन्याभरानं साहेब खरंच आला. दुसऱ्या कामासाठी विट्याला आला होता, जाता जाता हेही उरकून टाकायचं होतं. चांगला हसरा माणूस. अधोलीची गंमत त्याला आवडली. म्हणाला, विटे ते तासगाव एकच फेरी, दोन अधोल्या, एक पुढं आणि एक मागं, मधे कुणी हात लावायचा नाही. तासगावला त्याला जेवायला बोलावलेलं होतं, त्यामुळं दुसरी फेरी नाही.

मापाड्यानं दोन्ही अधोल्या भरल्या. तो मागच्या अधोलीजवळ बसायला निघाला तर मालक म्हणाले, ‘साहेब, हा तिथं बसला तर गुडघ्यानं हलवेल.’ चाळीस वर्षं ज्यानं मापाला धक्का दिला नाही त्याला हे ऐकावं लागलं. साहेबानं त्याला पुढच्या बाजूला आपल्यामागं बसवलं, शेजारी मालक. मागं लक्ष ठेवायला एक माणूस हवा होता. हिशेबासाठी मालकांनी मला सांगलीहून बरोबर आणलं होतं, त्यांनी मलाच बसवलं, आणि मापाड्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, आपला माणूस आहे.

गाडीत दुसरे उतारू घेतले नव्हते. पण विट्याची वेस ओलांडताच एका म्हातारीनं हात केला आणि ड्रायव्हरनं सवयीनं गाडी थांबवली. मेंढरांमागची म्हातारी, काठी आणि घोंगडी घेऊन मागच्या दारानं चढली, बाकावर टेकली आणि अधोली बघून दचकली.

‘आगं बया. बुडाच्या जागंवर दाणं ठिवलं व्हय? खायाचं अन्न हाय न्हवं?’

असं म्हणून तिनं अधोली उचलली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी धरून मांडीवर घेतली. पुढच्या तिघांच्या पाठी आमच्याकडे होत्या आणि भट्टीच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ‘आजी, खाली ठेवा’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात गाडी आदळली, मी दांडीला धरलं, आणि मनात म्हटलं, असू दे, तासगावला उतरल्यावर सांगू की काय झालं. त्या वेळी माझ्या मनात पाप नव्हतं, नुसता आळस होता. म्हातारी खड्ड्या-खड्ड्याला अंग सैल सोडून अधोली सांभाळत होती. तासगाव कोस-दीड कोसावर राहिलं तेव्हा ती उतरली, उतरताना अधोली बाकावर ठेवली आणि तिला हात जोडले.

तासगावला काडी घातली. पुढची अधोली, एक दाणा. मागची, एक दाणा.

साहेब मोठ्यानं हसला. मालक हसले. मापाडी खाली वाकून दाण्यांकडे बघत राहिला. दाणे कसे बसलेत ते त्याला खटकलं असावं, कारण त्यानं बोटानं हळूच कड चाचपली. साहेबानं खिशातून अर्ज काढला, शेरा लिहायला मोटारीच्या बॉनेटवर पसरला, आणि मालकांची नजर त्या कागदावर गेली. दररोज संध्याकाळी मी त्यांना हिशेबाचे कागद देत होतो. अक्षर ओळखायला त्यांना किती वेळ लागणार? त्यांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि नुसते बघतच राहिले.

त्याच क्षणी मापाडी उठून माझ्यासमोर आला.

‘रावसाब, तुमी मागं व्हता. अधोली सगळी वाट कुठं व्हती?’

माझं नुकतंच लग्न झालं होतं. धाकटा भाऊ बेकार घरी बसला होता. ही कारणं मी इतक्या वर्षांत स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती उच्चारायची लाज वाटते.

‘बाकावरच होती,’ मी म्हणालो.

त्यानं माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. मग साहेबाकडे वळून, कुणी न विचारता, म्हणाला, ‘मंग एकच दाणा. ज्यानं बघितलं त्याचं खरं. माझा आंगठा घ्या.’

भांडला का नाही तो? फिरून मोजा म्हणून गाडीसमोर आडवा का पडला नाही? साहेबाचं जेवण खड्ड्यात गेलं असतं तर काय बिघडलं असतं? मला खोटारडा म्हणाला असता, गळ्याला धरला असता, तर कदाचित माझ्या तोंडून खरं निघालंही असतं. पण पेठेचा तो मेला रिवाज. त्यानं अंगठा उठवला, साहेबानं ‘तक्रार निराधार’ असा शेरा मारला आणि जेवायला गेला. सांगलीला परत येताना मालक मला एवढंच म्हणाले, ‘अक्षर छान आहे हो तुमचं.’ दुसऱ्या दिवशी हुकूम आला की त्या मापाड्याला पुढचं किंवा मधलं तिकीट कधी द्यायचं नाही. मी हो म्हटलं.

त्यानंतर तो तीन-चार वेळा अधोली घेऊन मागच्या बाकावरून एकटाच तासगावला जाऊन आला. दर वेळी पाच दाणे. दर वेळी खिडकीशी थांबून मला सांगायचा, ‘पाचच येत्यात की, रावसाब. त्या दिशी काय झालं आसंल?’ मला विचारत होता. माझ्यावर संशय घेऊन नाही, खरंच विचारत होता. मी म्हणायचो, रस्ता तेव्हा नुकताच दाबला होता मामा. ते त्याला पटत नव्हतं, पण माझा शब्द खोडायचा त्याला धीर होत नव्हता. मग एकदा तासगावच्या बाजाराहून तो परत आला आणि खिडकीशी न थांबता निघून गेला. त्या दिवसानंतर त्यानं मला काही विचारलं नाही.

लेकीला आणायचा दिवस आला. सकाळी तो विट्याला जाणार, दुपारच्या गाडीनं तिला घेऊन परतणार. परतीच्या जागाही आम्ही सांगलीतच धरून द्यायचो. त्यानं पुढची एक जागा मागितली. मी म्हणालो, भरली. मधली? तीही भरली. दोन्ही खोटं. तो म्हणाला, ‘बरं. मंग मागची दोन द्या,’ आणि मी दिली. देताना त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारी विट्याहून निघालेल्या त्या गाडीत मालक होते. ड्रायव्हरशेजारी एका जागेवर ते स्वतः आणि दुसऱ्या जागेवर त्यांची वळकटी. ड्रायव्हर खाली उतरून त्यांना म्हणाला, ‘मालक, पोरगी दिवसांची हाय, वळकटी टपावर टाकतो.’ मालक म्हणाले, ‘कशाला? त्याचा अंगठा आहे कागदावर. पुढचा बाक एक दाण्याचा, मागचाही एकच. बसू दे की मागं.’ हे ते मोठ्यानं, त्या लेकीला ऐकू जाईल असं म्हणाले. माझं खोटं त्यांनी असं वापरलं.

मापाडी मागच्या दारानं चढला. मागच्या बाकावर पोतं दुमडून टाकलं, स्वतः बसला आणि वीस-बावीस वर्षांच्या, सात महिने भरत आलेल्या लेकीला म्हणाला, ‘ये, बस मांडीवर.’ ती लाजली. शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. त्यानं तिला लहान पोरीसारखी आडवी मांडीवर घेतली, एक हात तिच्या पाठीमागं, दुसऱ्यानं वरची दांडी धरली. खडी लागली की तो टाचा उचलून मांड्या अधांतरी धरायचा. खड्डा आला की दांडीला लोंबकळून सगळा भार हातावर घ्यायचा. ड्रायव्हर बैलाच्या चालीनं गाडी चालवत होता आणि मालक घड्याळ बघत त्याला शिव्या देत होते. तासगावला हसणाऱ्या बायांपैकी एकीनं उठून त्याचे पाय चेपले. साठीच्या म्हाताऱ्यानं विट्यापासून सांगलीपर्यंत एवढी वाट लेकीला बाकाचं लाकूड लागू दिलं नाही.

त्याला नात झाली, दोन महिन्यांनी, दिवस भरून, नीट. त्याची कंबर मात्र त्या दिवशी गेली ती गेलीच. उकिडवं बसता येईना, तेव्हा मापाडीपण सुटलं. पेठेत दुसरा मापाडी आला, तोही ‘लाभ’ म्हणूनच सुरू करायचा. हे सगळं मला नंतर कळत गेलं.

त्या संध्याकाळी गाडी स्टँडवर लागली तेव्हा मी खिडकीतून बाहेर आलो. मालक आधी उतरले आणि वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन निघून गेले. मग ती उतरली, आपल्या पायांनी, पोटावर हात ठेवून. मापाड्याला उठता येत नव्हतं. मी आणि ड्रायव्हरनं दोन्ही बाजूंनी धरून त्याला खाली घेतलं. त्याचे पाय पाण्यासारखे झाले होते. माझ्या खांद्यावर भार टाकून तो माझ्या कानाशी म्हणाला, ‘तासगावच्या बाजारात ती म्हातारी गावली. तिनं सांगितलं, मांडीवर घेतलेलं दाणं बसत न्हाईत.’

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. सकाळी खिडकीशी आला तेव्हाही कळलेलं होतं. तेवढ्यात लेकीनं विचारलं, ‘आबा, तुमचा अर्ज लिवणारं ते ह्येच व्हय?’

त्यानं माझ्याकडे बघितलं. आता हा सांगणार, मी मनात म्हटलं. सांग रे बाबा, या पोरीला सांग, हिच्यासमोर माझ्या तोंडावर थुंक.

‘व्हय,’ तो म्हणाला. ‘ह्येच.’

तिनं मला हात जोडले. वाकता येत नव्हतं तरी जरा वाकली. ‘आवं, तुमी आमच्यासाटी लय केलंसा,’ म्हणाली.

ड्रायव्हर टांगा बघायला गेला. मी तिथं उभा राहू शकलो नाही, जाऊन खिडकीत बसलो. विट्याची संध्याकाळची गाडी लागली होती आणि रांग उभी होती. मागच्या बाकाची सहा तिकिटं मी फाडली. त्यातली एक बाई भरल्या दिवसांची होती. तिनं काही मागितलं नाही, तिकीट घेतलं आणि मागच्या दारानं चढली. पुढची एक जागा मालकांच्या हुकमानं राखून ठेवलेली होती, ती रिकामीच गेली.